नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या आपल्याकडच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिली तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी होते. मोठ्याने वाचायची तर ‘कोटी’ दोनदा म्हणावे लागते : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावे दिली आहेत. त्यांत या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर येतो. त्यापुढे एकच स्थान उरते, परार्ध.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा, नऊ एकांचा, वर्ग. कोड्यांच्या सदरांतून ती अनेकांना माहीत असते. एकापासून नऊपर्यंत चढते, पुन्हा एकापर्यंत उतरते आणि उलटीकडून वाचली तरी तीच राहते. लोक आश्चर्य करतात आणि पान उलटतात. माझे म्हणणे असे की पान उलटण्याआधी थांबावे. या एका संख्येत मान्यखेटच्या दरबारातला एक गणिती, देवळालीचा एक शाळामास्तर आणि आजही न सुटलेले प्रश्न एकत्र येतात. शिवाय तिचे कोणते गुण खरोखर तिचे, कोणते आपल्या दशमान लेखनाचे आणि कोणते निव्वळ योगायोगाचे, हे वेगळे काढता येते. ते वेगळे काढणे हेच गणित आहे.

आधी ती अशी का दिसते ते पाहू. कागदावर १११११११११ ला १११११११११ ने गुणा. प्रत्येक ओळीत तीच संख्या, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. अशा नऊ ओळी होतात. आता स्तंभ मोजा. अगदी उजवीकडच्या स्तंभात एकच १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊ आणि पुढे पुन्हा आठ, सात, सहा. कुठल्याही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. हातचा नाही, म्हणून बेरजा जशाच्या तशा अंक बनून खाली उतरतात. चौथीच्या मुलालाही हे करून दाखवता येते, आणि दाखवावेच. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात प्रयोगशाळा नसेल, पण पाटी आणि खडू असतातच, आणि या प्रयोगाला त्याहून जास्त काही लागत नाही.

हाच प्रयोग उलट दिशेनेही करता येतो. आपल्या संख्येतून सतरा एकांची संख्या वजा करा. उरते १२३४५६७८७६५४३२१०, म्हणजे आठ एकांचा वर्ग आणि त्याच्यामागे एक शून्य. शून्य काढा आणि पंधरा एक वजा करा, की सात एकांचा वर्ग उरतो, पुन्हा मागे शून्य घेऊन. असे थर काढत गेले की शेवटी एकटा १ हाती राहतो.

मग दहा एकांचे काय? मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि सगळी मांडणी मोडते. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. सातापर्यंत सुरळीत, मग आठ गायब, दोन शून्ये, आणि उतरण मात्र नवापासून व्यवस्थित. हातचा डावीकडे जातो, त्यामुळे डावी बाजू बिघडते आणि उजवी शाबूत राहते. ही संख्या उलटीकडून वाचली तर तीच राहत नाही. म्हणून नऊ एकांचा वर्ग हा या घराण्यातला शेवटचा आणि सर्वांत मोठा.

या घराण्याची जुनी नोंद आपल्या अगदी जवळची आहे. इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्य या जैन गणित्याने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या आरंभी त्याने राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती केली आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. पण त्यांच्या लेखांत ते स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेतात, आणि हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर असे अनेक अभ्यासक मानतात. आमच्या नांदेड जिल्ह्यातले कंधारही राष्ट्रकूटांच्या इतिहासाशी जोडलेले आहे. बिलोलीहून सकाळी निघालेला माणूस कंधारचा किल्ला पाहून संध्याकाळी परत येऊ शकतो. मराठवाड्याच्या शाळांत गणिताचा इतिहास सांगताना आर्यभट आणि भास्कराचार्य येतात. ज्या राजघराण्याने लातूरचे नाव आपल्या बिरुदात मिरवले, त्याच्याच आश्रयाच्या काळात लिहिलेला हा ग्रंथ मात्र क्वचितच येतो. मला ही उणीव मोठी वाटते. मद्रासहून १९१२ मध्ये एम. रंगाचार्यांनी त्याची मूळ संहिता इंग्रजी भाषांतरासह छापली, तेव्हापासून तो सर्वांना खुला आहे.

महावीराने गुणाकाराच्या प्रकरणात असे गुणाकार मुद्दाम निवडले की उत्तर गळ्यातल्या हारासारखे, दोन्ही बाजूंनी सारखे, दिसावे. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे आठ एक. १४२८५७१४३ गुणिले ७ म्हणजे १०००००००१. आणि १२३४५६७९ गुणिले ९ म्हणजे नऊ एक, जे आपल्या संख्येचे वर्गमूळच आहे. या यादीतले सर्वांत देखणे उदाहरण २७९९४६८१ गुणिले ४४१. याचे उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असे या संख्येचे वर्णन महावीर करतो. म्हणजे हा सहा एकांचा वर्ग. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे ११११११. दोन वर्गांचा गुणाकार म्हणून मांडलेल्या या उदाहरणात ते वर्गमूळ लपलेले आहे. मूळ संख्या दिसू न देता विद्यार्थ्याला गुणाकार करायला लावायचा आणि उत्तरात हार उमटू द्यायचा, ही शिक्षकाची युक्ती आहे. अकराशे वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही.

महावीर सहावर थांबला. नवापर्यंत जाऊन या संख्यांचे शास्त्र करण्याचे काम दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी केले. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्म, शालेय शिक्षण ठाण्याला, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. १९८६ मध्ये ते गेले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही; बरेचसे लेखन स्वतःच छापून घेतलेले. १९४८ साली त्यांचे डेम्लो संख्यांवरचे पुस्तक निघाले. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकावर या संख्यांचा विचार त्यांना सुचला, आणि त्या स्थानकावरूनच त्यांनी हे नाव घडवले.

डेम्लो संख्येची साधी कल्पना अशी. १६५ घ्या : पहिला आणि शेवटचा अंक मिळवला की मधला मिळतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोन पाच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मध्ये तीन सात. या संख्या येतात कुठून? १५ ला ११ ने, २३ ला १११ ने, ४३ ला ११११ ने गुणले की. म्हणजे मुळाशी पुन्हा एकांच्याच संख्या. एकांच्या संख्येला एकांच्याच संख्येने गुणले की १, १२१, १२३२१ अशी रांग लागते. या रांगेला कापरेकरांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले. आपली संख्या त्या रांगेतली नववी.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ मुळे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करायची. हेच पुन्हा पुन्हा केले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच राहते : ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि बाहेरच्या जगाने या मास्तरांकडे वळून पाहिले. आपल्या विषयाशी याचा एक सुंदर धागा जुळतो. एक ते नऊ हे अंक उतरते लावा आणि चढते वजा करा : ९८७६५४३२१ उणे १२३४५६७८९ म्हणजे ८६४१९७५३२. उत्तरात पुन्हा तेच नऊ अंक, एकेकदाच. म्हणजे नऊ अंकांसाठी ही ६१७४ सारखीच अचल संख्या झाली.

कापरेकरांनी संख्यांच्या आणखी तीन जाती सांगितल्या. त्यांच्या कसोट्या आपल्या संख्येला लावून पाहणे हा या आढाव्यातला मला सर्वांत आवडणारा भाग.

पहिली हर्षद संख्या. जिला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा : भागाकार १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ती हर्षद आहे. हा भागाकारही साधा नाही, तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. महावीराच्या यादीतली ती संख्या पुन्हा भेटते.

दुसरी कापरेकर संख्या. वर्ग करून त्याचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत यावी. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आपली संख्या या कसोटीला उतरत नाही. पण तिला तिच्याच अंकबेरजेने, ८१ ने, गुणा. येते ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग, आणि नऊ नवांची ही संख्या कापरेकर संख्या आहे : ९९९९९९९९८ अधिक १. शिवाय आपल्या संख्येचेही दोन तुकडे करून मिळवा, १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१. उत्तर पुन्हा नऊ नव.

तिसरी देवळाली किंवा स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. पण २० कुणापासूनच जन्मत नाही, ३१ आणि ४२ ही नाहीत. त्या स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू आहे का? संख्या मोठी असली तरी शोध छोटा आहे. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जात नाही, आणि आपल्या संख्येला ९ ने भाग जात असल्याने जनकातले अंतर ९ च्या पटीतच हवे. मग सतराच शक्यता उरतात. मी त्या एकेक करून तपासल्या. एकच बसते : १२३४५६७८९८७६५४२४०. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की आपली संख्या. म्हणजे ती स्वयंभू नाही, पण तिला जनक एकच आहे, आणि त्या जनकाची अंकबेरीजही तिच्याइतकीच.

आता अवयव. नऊ ही संख्या तीन गुणिले तीन असल्याने नऊ एक हे १११ गुणिले १००१००१ असे फुटतात. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ही ३३३६६७ मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव तीनच : ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून तिचे एकूण विभाजक ४५.

हे तीन अवयव दिसतात तितके साधे नाहीत. १ ला ३ ने भागले की एक अंक पुन्हा पुन्हा येतो. ३७ ने भागले की ०२७ हे तीन अंक फिरत राहतात. ३३३६६७ ने भागले की ०००००२९९७ हे नऊ अंक फिरतात. एका अंकाचे आवर्तन देणारी मूळ संख्या ३ सोडून दुसरी नाही, तीन अंकांचे देणारी ३७ सोडून नाही, आणि नऊ अंकांचे देणारी ३३३६६७ सोडून नाही. कापरेकरांनी आवर्ती दशांश अपूर्णांकांवरही लेखन केले, ते उगीच नव्हे. एकांच्या संख्या आणि आवर्ती अपूर्णांक हा एकच विषय आहे. १ भागिले ८१ करून पाहा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आठ का नाही, हे मुलांनी विचारलेच पाहिजे. क्रमाने नवानंतर दहा येतो, त्याचा हातचा नवाला दहा करतो, त्याचा हातचा आठाला नऊ करतो. दहा एकांच्या वर्गात आठ जिथे हरवला, तिथेही कारण हेच.

इथे यंत्रांविषयी बोलले पाहिजे, कारण मुले आता पडताळा यंत्रावर घेतात. बिलोलीतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर एक्सेल उघडा आणि नऊ एकांचा वर्ग मागा. आकडा पूर्ण दाखवायला सांगितला तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसते, कारण एक्सेल पंधराच अर्थपूर्ण अंक ठेवते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारले तर ३२० येते. तिथली संख्या साठवण्याची नेहमीची पद्धत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक धरू शकत नाही, आणि आपल्या संख्येच्या आसपास फक्त सम संख्याच बसतात. विषम असल्यामुळे आपल्या संख्येला तिथे जागाच नाही. पाटीवरचे उत्तर बरोबर आणि पडद्यावरचे चूक, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी मिळावा. मोठ्या पूर्णांकांसाठी वेगळी सोय असलेली साधने आहेत, त्यांत उत्तर अचूक येते.

आता मुख्य आक्षेप. जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या आत्मपर पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचा दाखला दिला आहे. पहिली २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट रूपाच्या पटीत. अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, पण गणित्याला त्यात रस वाटावा असे काही नाही, कारण त्यांतून व्यापक सिद्धांत निघत नाही, असे त्यांचे मत. कापरेकरांच्या कामाकडे अनेक व्यावसायिक गणिती याच नजरेने पाहत.

हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, आणि त्याची कसोटी सोपी आहे. दहा हा पाया बदलून पाहायचा. आठ हा पाया घेतला, म्हणजे अंक शून्य ते सातच, तर सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. आपल्या दशमानात तीच संख्या ८९७५५९६५६४९ अशी दिसते आणि तिच्यात काही नजरेत भरत नाही. कुठलाही पाया घ्या, त्याहून एकाने कमी इतके एक मांडा आणि वर्ग करा : चढण आणि उतरण तशीच येते, हातचा येत नाही. हर्षद असणेही टिकते. पायाच्या प्रत्येक घाताला पायाहून एकाने लहान संख्येने भागले की बाकी एक राहते. आठच्या पायात सात एक मांडले की बाक्यांची बेरीज सात, म्हणून ७ ने भाग जातो आणि वर्गाला ४९ ने. अंकांची बेरीजही ४९. आपल्याकडे नऊ आणि ८१, तिथे सात आणि ४९. हा योगायोग नाही, सर्व पायांना लागू असलेला सिद्धांत आहे. हार्डींची अट इथे पुरी होते.

सगळेच गुण मात्र या कसोटीला उतरत नाहीत. ४५ विभाजक आणि वर्ग असणे हे संख्येचे स्वतःचे, ती कशीही लिहिली तरी. पहिल्या १११११११११ विषम संख्यांची, म्हणजे १ पासून २२२२२२२२१ पर्यंतच्या विषम संख्यांची, बेरीज ही संख्या येते, तेही तसेच. ३३३६६७ मूळ निघणे हे दहाच्या पायाचे दैव. आणि १२३४५६७८९८७६५४२४० हा एकुलता जनक मला कितीही आवडत असला, तरी त्यामागे नऊने भाग जाण्यापलीकडे मोठे कारण मला दिसत नाही.

न सुटलेले प्रश्न दोन दिशांना आहेत. एक एकांच्या संख्यांचा. एकांची गणती मूळ असल्याशिवाय ती संख्या मूळ असू शकत नाही. नऊचे आपण पाहिलेच. पण गणती मूळ असणे पुरेसे नाही. १११ चे अवयव पडतात. दोन, एकोणीस, तेवीस, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत. शेवटचीची सिद्धता १९८६ मध्ये विल्यम्स आणि डबनर यांनी दिली, आणि त्यानंतर ४९०८१ एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध व्हायला २०२२ उजाडले. अशा संख्या अनंत आहेत का, याचे उत्तर अजून नाही.

दुसरी दिशा अधिक विलक्षण आहे. हातच्याचा विचार सोडा आणि आकडे नुसते शेजारी लिहीत जा : एक ते नऊ, मग दहा, मग पुन्हा नऊ ते एक. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नवापर्यंतच्या साऱ्या अशा संख्या एकांचे वर्ग, म्हणून त्यांपैकी एकही मूळ असू शकत नव्हती. ही वीस अंकी संख्या मात्र मूळ आहे. मग अकरापर्यंत चढून उतरा, बारापर्यंत, शंभरापर्यंत, हजारापर्यंत : एकही मूळ निघत नाही. २४४६ पर्यंत चढून उतरल्यावर १७,३५० अंकांची संख्या तयार होते, आणि मूळ असण्याच्या संगणकी चाचण्यांना उतरणारी पुढची संख्या ती आहे. तिसरी अजून मिळालेली नाही.